हंगामाची तयारी : आपल्या ग्रामीण रुग्णालयाचीही



या पानावर आम्ही नेहमी लागण, बेणे, खत-पाणी आणि तोडणीचा कार्यक्रम याविषयी लिहीत असतो. या वेळी विषय निराळा आहे. ऊस विकास खात्याच्या माणसाने रुग्णालयावर का लिहावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर एवढेच की, ज्या फडात आपला ऊस उभा असतो, त्याच फडात साप असतो, विंचू असतो, कोयता चालतो आणि उसाने भरलेली ट्रॉली बांधावरून वर चढते. फडावर काही विपरीत घडले की सभासदाचा पहिला फोन गट ऑफिसला येतो, दवाखान्याला नव्हे. तेव्हा माणसाला कुठे न्यायचे हे सांगण्याची जबाबदारी आमच्या खात्यावर येऊन पडते. ती जबाबदारी आम्हाला एकदा पार पाडता आली नाही, म्हणून हा लेख.

दोन हंगामांमागची गोष्ट. आडसालीच्या प्लॉटला रात्रीची लाईट होती. एका सभासदाचा विशीतला मुलगा दारं धरायला गेला आणि सरीत पाय टाकताच त्याला घोणस चावली. घरच्यांनी पोटरीला दोरी आवळून बांधली आणि शेजारच्या गावात मुळी उगाळून देणाऱ्या एका माणसाकडे नेले. तिथे दीड तास गेला. पाय सुजून काळानिळा पडू लागला तेव्हा आम्हाला फोन आला. गट ऑफिसची जीप आम्हीच पाठविली आणि आम्हीच सांगितले, "सरळ शहरात न्या, इथं काही व्हायचं नाही." शहर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. वाटेत आपल्या ग्रामीण रुग्णालयाचे फाटक लागते. जीप त्या फाटकासमोरून न थांबता पुढे गेली.

पोरगं वाचलं. पण मूत्रपिंडावर परिणाम झाला, कित्येक दिवस डायलिसिसवर काढावे लागले आणि खोडव्याचे सगळे बिल त्यात गेले. वर दावणीची गाय विकावी लागली. पुढे आम्ही ग्रामीण रुग्णालयात जाऊन चौकशी केली. त्या रात्री सर्पदंशाची लस तिथे होती आणि डॉक्टरही ड्युटीवर होते. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "साहेब, अर्धा तास थांबला असता तर पहिला डोस इथंच सुरू झाला असता."

त्या मुलाच्या वडिलांनी आजवर आम्हाला एका शब्दाने बोल लावलेला नाही. पण चूक आमची होती. आपली मिल रोज किती टन ऊस गाळते, हे आम्ही झोपेतही सांगू. आपल्या तालुक्याचे रुग्णालय रात्री दोन वाजता काय करू शकते, हे मात्र आम्हाला ठाऊक नव्हते. सभासदांपैकी किती जणांना ठाऊक आहे, हे ज्याचे त्याने मनाशी विचारून पहावे.

रुग्णालयाची क्षमता म्हणजे काय

कारखान्याची जशी गाळप क्षमता असते तशी रुग्णालयाचीही असते. २५०० टनांच्या मिलवर ४००० टन ऊस आणून टाकला तर गाड्या अड्ड्यावर उभ्या राहणार आणि ऊस वाळणार. उलट मिल रिकामी फिरत असताना ऊस दुसऱ्या कारखान्याला गेला तरी नुकसान आपलेच. रुग्णालयाचेही तसेच आहे. जे तिथे होऊ शकते ते शहरात नेणे हे नुकसान, आणि जे तिथे होऊ शकत नाही त्यासाठी तिथे अडून बसणे हेही नुकसान.

सरकारी नियमाप्रमाणे सपाटीच्या भागात ५ हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र, ३० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि सुमारे १ लाख २० हजारांमागे एक ग्रामीण रुग्णालय असावे लागते. ग्रामीण रुग्णालय साधारणपणे ३० खाटांचे असते. बाह्यरुग्ण विभाग, प्रसूतिगृह, शस्त्रक्रियागृह, क्ष-किरण यंत्र व रक्त-लघवी तपासणीची प्रयोगशाळा तिथे असावी अशी अपेक्षा असते. सर्जन, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ व भूलतज्ज्ञ यांच्या जागाही नियमात धरलेल्या आहेत. जागा असणे आणि ती भरलेली असणे यात फरक आहे, तो पुढे सांगतो.

आपल्या उपयोगाच्या गोष्टी घेऊ.

पहिली सर्पदंश. आपल्याकडे माणसे दगावतात ती मुख्यतः चार सापांनी : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. या चारींच्या विषावर एकच लस चालते. त्यामुळे साप मारून पिशवीत घालून आणण्याची गरज नाही. त्या नादात दुसरा माणूस चावून घेतो. घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्त गोठणे थांबते. ते ओळखण्याची तपासणी फार साधी आहे. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवायचे. २० मिनिटांनी नळी आडवी केल्यावर रक्त पातळच राहिले तर विष भिनले आहे असे समजायचे. आम्ही फडात दोन थेंब रस घेऊन ब्रिक्स पाहतो आणि ऊस पक्व आहे की नाही ते ठरवितो, तितकीच ही गोष्ट साधी आहे. त्यासाठी शहर लागत नाही. पहिला डोस साधारण ८ ते १० कुप्यांचा असतो. लहान मुलाला व मोठ्या माणसाला डोस सारखाच, कारण सापाने विष टोचताना वय पाहिलेले नसते.

मण्यारीचे निराळे. ती बहुतेक रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. जागा दुखत नाही, सुजत नाही, कित्येकदा खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते. "काल रात्रीचं खाणं बाधलं असंल," असे म्हणून माणसाला पडून राहू देतात आणि सकाळपर्यंत श्वास बंद पडतो. कोपीत भुईवर झोपणाऱ्या तोडणी कामगारांना हा धोका सर्वांत जास्त. अशा रुग्णाला लस देऊन, गरज पडल्यास हाताच्या फुग्याने श्वास चालू ठेवून, व्हेंटिलेटर असलेल्या मोठ्या रुग्णालयात पोहोचविणे हे काम ग्रामीण रुग्णालय करू शकते. पहिला डोस जवळ, पुढचे उपचार लांब, हा क्रम ध्यानात ठेवावा.

दुसरी विषबाधा. फवारणीच्या औषधाने चक्कर, घाम, तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे असे झाले तर अ‍ॅट्रोपिनचे इंजेक्शन लवकर मिळणे महत्त्वाचे. औषधाची बाटली किंवा तिचे लेबल बरोबर न्यावे. कपडे काढून अंग साबणाने धुवावे.

तिसरे कुत्र्याचे चावणे. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी व त्याच दिवशी लस सुरू करावी. जखम खोल असेल तर जखमेत भरावयाचे वेगळे औषध, म्हणजे सिरम, लागते. ते आहे का, हे विचारावे. लसीचे पुढचे डोस चुकवू नयेत. चुना, हळद, मिरची जखमेत भरणे बंद करावे.

चौथे बाळंतपण. २०११ पासून सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन धरून, मोफत आहे. औषधे, जेवण व ने-आण यांसह. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत इतर उपचारांनाही शुल्क घेतले जात नाही. म्हणजे केस पेपर काढण्यासाठी सुद्धा खिशात हात घालावा लागत नाही.

जे होत नाही तेही स्पष्ट सांगितले पाहिजे. डोक्याला मार लागून बेशुद्ध झालेला माणूस, ट्रॉलीखाली चिरडलेली छाती, डायलिसिस, व्हेंटिलेटरवर बरेच दिवस ठेवावा लागणारा रुग्ण, ही कामे ३० खाटांच्या रुग्णालयाची नव्हेत. तिथे रक्तस्राव थांबविणे, सलाईन लावणे, हाड स्थिर बांधणे एवढे करून रुग्ण पुढे पाठवावा लागतो. पुढे पाठविणे म्हणजे हात झटकणे असे आपण समजतो. ते नेहमीच खरे नसते. १०८ ची सेवा राज्यात २०१४ साली सुरू झाली. या गाडीत डॉक्टर असतो आणि वाटेत उपचार चालू राहतात. आमच्या जीपमध्ये त्या रात्री फक्त ड्रायव्हर आणि रडणारा बाप होता.

"सरकारी दवाखान्यात काय मिळतंय?"

हा प्रश्न आम्हाला प्रत्येक गट मीटिंगमध्ये ऐकू येतो. तो खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. डॉक्टर जागेवर नसणे, भूलतज्ज्ञ नसल्यामुळे सिझेरियन अडणे, औषध बाहेरून आणावयास सांगणे, हे अनुभव लोकांचे आहेत. आम्ही स्वतःही एकदा अडलेल्या बाईला घेऊन गेलो असताना, भूल देणारे डॉक्टर आठवड्यातून ठराविक दिवशीच येतात असे कळले आणि तसेच पुढे जावे लागले. तो अर्धा तास वाया गेला. आधी एक फोन केला असता तर वाचला असता.

पण विचार करा. आपल्या काट्यावर वजन कमी भरते अशी शंका आली तर आपण काय करतो? ऊस घरी ठेवतो का? नाही. काटा तपासा म्हणतो, सभेत उठून बोलतो, वजनमापे खात्याचा माणूस आणवतो. कारण काटा आपला आहे. रुग्णालयाच्या बाबतीत मात्र एक वाईट अनुभव आला की आपण पाठ फिरवितो आणि गप्प बसतो. आपण जात नाही म्हणून तिथे रुग्ण कमी, रुग्ण कमी म्हणून मागणी कमी, मागणी नाही म्हणून जागा रिकामी. शेवटी अडचणीत सापडतो तो ज्याच्याजवळ शहरात जाण्याचे पैसे नाहीत तोच.

लहान जागी काय होऊ शकते याचे एक उदाहरण आपल्या राज्यातलेच आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर हे १९७६ साली रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रावर नेमणुकीस गेले. कोकणात तांबड्या विंचवाच्या दंशाने त्या काळी माणसे, विशेषतः मुले, दगावत. गंभीर दंशात फुप्फुसात पाणी झालेल्या शंभर रुग्णांतील पंचवीस-तीस जात. डॉक्टरांनी रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या आणि रक्तदाबावरची प्राझोसिन ही गोळी वेळेवर दिली तर रुग्ण वाचतो हे दाखवून दिले. पुढे मृत्यूचे प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे काम वातानुकूलित इमारतीत सुरू झाले नाही, आरोग्य केंद्रात सुरू झाले. त्यासाठी लागले ते जागेवर असणारे डॉक्टर, नोंदवही आणि वेळेवर आणलेला रुग्ण. यांपैकी तिसरी गोष्ट सर्वस्वी आपल्या हातात आहे.

सहकाराने या बाबतीत काही केलेच नाही असेही नव्हे. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील व अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेच्या काठी १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि १९७० च्या दशकात त्याच परिसरात, लोणीला, ग्रामीण रुग्णालय उभे राहिले. प्रत्येक कारखान्याने रुग्णालय बांधावे असे आमचे म्हणणे नाही. तेवढी ऐपत सर्वांची नाही. सरकारने बांधलेले जे आहे ते नीट चालते की नाही हे पाहण्यास मात्र ऐपत लागत नाही, लक्ष लागते.

टोळीतली माणसेही आपलीच

तोडणी कामगार चार-पाच महिने आपल्या शिवारात राहतात. "ती माणसं मुकादमाची, आपला काय संबंध?" असे म्हणणारे थोडे सभासद आहेत. ऊस आपला, फड आपला, तर त्यात राबणारे माणूस परके कसे? गरोदर बाई आठव्या महिन्यात मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढते, हे आपण सगळेच पाहतो. तिचे कार्ड गावाकडे राहिलेले असते, इथली नर्सबाई तिला ओळखत नाही आणि तिला इथले रुग्णालय ठाऊक नसते. दुखणे अंगावर काढले की पुढे मोठ्या ऑपरेशनवर जाते. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न इतका वाढला की २०१९ साली राज्य शासनाला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे अशा तक्रारींवर वेळेवर साधे औषध मिळाले तर पुष्कळ बायांचे ऑपरेशन टळू शकेल. ते औषध देण्याची जागा आपल्या तालुक्यात आहे. तिथपर्यंत बाई पोहोचली पाहिजे आणि त्या दिवसाची तिची मजुरी बुडू नये, एवढे आपण पहावयास हवे.

आमच्या सूचना

मिल बंद असताना आपण रोलर, बेअरिंग, बॉयलरच्या नळ्या सगळे तपासतो आणि मगच अग्निप्रदीपन करतो. हंगामात मिल थांबली तर किती नुकसान होते हे आपल्याला माहीत आहे. त्याच यादीत रुग्णालयाची एक ओळ घालावी, असे आम्हाला वाटते.

१. अग्निप्रदीपनापूर्वी संचालक मंडळाचे दोन प्रतिनिधी व ऊस विकास खाते यांनी ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांची भेट घ्यावी आणि सर्पदंशाच्या कुप्या किती, अ‍ॅट्रोपिन आहे का, कुत्र्याची लस व सिरम आहे का, भूलतज्ज्ञ कोणत्या दिवशी असतात, लाईट गेल्यावर जनरेटर चालतो का, हे विचारून लिहून घ्यावे. पहिल्या डोसलाच ८ ते १० कुप्या लागतात, तेव्हा "पाच आहेत" या उत्तरावर समाधान मानू नये.

२. हीच माहिती प्रत्येक गट ऑफिसच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लावावी. रुग्णालयाचा फोन, १०८, आणि कोणत्या दुखण्याला कुठे जायचे, एवढे पुरे.

३. चिटबॉय, शेतकी मदतनीस, ड्रायव्हर व मुकादम यांचा एक दिवसाचा वर्ग रुग्णालयातच घ्यावा. साप चावल्यावर माणसाला चालवू नये, चावलेला अवयव काठी लावून स्थिर ठेवावा, अंगठी-पैंजण काढावेत, कापू नये, चोखू नये, दोरी आवळू नये. आधीच कुणी आवळली असेल तर ती रुग्णालयात डॉक्टरांसमोरच सोडावी. हे प्रत्येकाला तोंडपाठ हवे.

४. टोळी उतरली की गरोदर बाया व लहान मुले यांची यादी करून ती आरोग्य केंद्राला द्यावी. नर्सबाईंना तळावर येण्यासाठी कारखान्याची गाडी द्यावी.

५. कोपीतल्या माणसांना खाट व मच्छरदाणी मिळावी. गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी डासांबरोबर मण्यारही अडविते. दारं धरायला जाणाऱ्या सभासदाने बूट, बॅटरी व काठी घेतल्याशिवाय बांध ओलांडू नये.

६. रुग्णालयात रुग्ण कल्याण समिती असते. तिच्या सभेत आपल्या भागाचा सदस्य हजर राहतो का, हे विचारावे. तक्रार असेल तर चावडीवर न करता तारीख-वेळ घालून लेखी द्यावी. आणि चांगले काम झाले तर तेही लेखी कळवावे. तिथले कर्मचारी आपल्यासारखेच रात्रपाळी करणारे आहेत.

या सर्वांस होणारा खर्च एका दिवसाच्या डिझेलइतकाही नाही. तरी तो का होत नाही, याचे उत्तर आम्ही स्वतःलाच विचारले. कारण हे काम कुणाच्याच खात्यावर लिहिलेले नाही. आमच्या खात्याने ते आपल्या नावावर घ्यावयाचे ठरविले आहे. पहिल्या दोन सूचनांचे काम आम्ही या हंगामाआधी करणार. उरलेल्यांसाठी संचालक मंडळाची मंजुरी लागेल, आणि ती मिळण्यासाठी वार्षिक सभेत तुमचे दोन शब्द लागतील. साखर उताऱ्यावर तुम्ही आम्हाला जाब विचारता, तसाच या फळ्यावरही विचारावा.

तो मुलगा आता बरा आहे. परवा लागणीची नोंद द्यायला गट ऑफिसला आला होता. जड कामाला डॉक्टरांनी मनाई केली आहे, म्हणून वडीलच अजून रात्रीची दारं धरतात. आम्ही त्याला विचारले, "आता काही झालं तर कुठं जाशील?" तो म्हणाला, "आधी फाटकात, साहेब. मग पुढचं पुढं."

एवढे प्रत्येक घरी ठाऊक झाले तरी या लेखाचे काम झाले असे आम्ही समजू.

जय सहकार!

– ऊस विकास अधिकारी